मदत हवी आहे: 1752 पूर्वीच्या गावदप्तरातल्या तारखा

मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावाचं अठराव्या शतकातलं दप्तर संगणकावर उतरवतोय. डुकरं मोकळी सोडायची तर नाकात कडी हवी, असले मजेदार ठराव सोपे जातात. अडलंय ते नव्याने आलेल्या गरिबांना ‘गाव सोडा’ म्हणून बजावलेल्या नोटिसांपाशी. मुदतीत बजावलं नाही तर त्यांच्या पोटापाण्याचा खर्च गावाच्या गळ्यात, म्हणून वर्ष नेमकं हवं.

1752 पूर्वी तिथे वर्ष 25 मार्चला बदलायचं. ‘1731/32’ असं दुहेरी (जुन्या हिशेबाने 1731, आजच्या हिशेबाने 1732) लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. पण नुसतं ‘14 फेब्रुवारी 1731’ म्हणजे आजच्या हिशेबाने 1731 की 1732? नोटिसा सुट्या कागदांवर आहेत, वार नाही, त्यामुळे क्रम लावता आला नाही. ट्रान्सक्रिबस हे जुनी हस्तलिखितं वाचणारं सॉफ्टवेअर अक्षर बरं लावतं, पण इथे त्याचा उपयोग नाही. मूळ कागद बाहेर नेता येत नाहीत, स्कॅन आहेत.

नोटिशीवर कॉन्स्टेबलची सही असते आणि त्याची निवड दरवर्षी मार्चच्या सभेत व्हायची. तेवढ्यावरून वर्ष ठरवलेलं अभ्यासकांना चालतं का, की मूळ तारीख तशीच ठेवून वेगळ्या रकान्यात अंदाज लिहावा?