‘मूल नाही म्हणून एवढं रडतेस’ – घरातलं जनावर गेलं तेव्हाचे तुमचे अनुभव सांगा

ठोंब्या गेला त्याला आज चाळीस दिवस झाले. तेरा वर्षांचा बोका, त्यातली शेवटची दोन वर्षं किडनीचा पेशंट. त्याच दोन वर्षांत आमच्या आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करायच्या उपचारांच्या, तीन सायकल झाल्या. घरात एकच निळी फाइल होती, पुढच्या कप्प्यात त्याचं क्रिएटिनिन (किडनी किती थकली ते सांगणारा रक्तातला आकडा) आणि मागच्यात माझं एएमएच (अंडाशयात किती अंडी उरली त्याचा अंदाज देणारा). त्याचा आकडा चढत होता, माझा उतरत होता.

त्याला घरीच कातडीखाली सलाइन द्यावं लागायचं. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी वर उचलायची आणि त्या घडीत सुई सरकवायची. पहिल्या वेळी सुई आरपार गेली आणि सगळं पाणी माझ्या मांडीवर. तो शांत बसून होता, रडत होते मी. पण तिथे हात बसला म्हणून पुढे पोटावर स्वतःची इंजेक्शनं टोचून घेताना मला कधी भीती वाटली नाही. नर्सनं विचारलं, कुठे शिकलात? मी म्हटलं, बोक्यावर.

तिसऱ्या ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर, दहाव्या दिवशी तो गेला. गर्भ राहिला का ते सांगणारी बीटा ही रक्तचाचणी चौदाव्या दिवशी होती. मधले चार दिवस मला घरात कुणी रडू दिलं नाही. ‘तू रडलीस तर आतलं टिकायचं नाही.’ मी दात आवळून बसले. चौदाव्या दिवशी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. मग जी रडायला लागले ती तीन दिवस. फोनवर जवळचं माणूस म्हणालं, ‘अगं, मूल नाही ना, म्हणून मांजरासाठी एवढं होतंय तुला.’

मला अजून सांगता येत नाही की ते तीन दिवस मी कुणासाठी रडत होते. तुमच्यापैकी कुणाची ही दोन दुःखं अशी एकात एक अडकली असतील तर लिहा. कसंही लिहा. फक्त ‘दुसरं आण’ आणि ‘दत्तक घ्या’ ही दोन वाक्यं नकोत, ती तोंडपाठ झाली आहेत.

* * *

आधी ते ‘रडलीस तर टिकणार नाही’ डोक्यातून काढा. मलाही हेच ऐकवलं होतं आणि मी वर्षभर स्वतःला गुन्हेगार समजत होते. मग शोधून वाचलं. २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात १४ अभ्यासांमधल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली होती. उपचारांआधीचा मानसिक ताण आणि त्या सायकलमध्ये गर्भ राहणं-न राहणं यांचा संबंध त्यात आढळला नाही. गर्भ रुजत नाही तेव्हा बऱ्याचदा खोट त्याच्या गुणसूत्रांतच असते. तुमच्या डोळ्यांतलं पाणी तिथवर पोचत नाही हो.

माझी कुत्री तर एग पिकअपच्या आदल्या रात्री गेली. अंडी पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन घेऊन झालं होतं. ते घेतलं की साधारण ३६ तासांच्या आत अंडी काढावीच लागतात, घड्याळ थांबवता येत नाही. तिला निरोप देऊन आले, आंघोळ केली, आणि सहा तासांनी भुलीच्या टेबलावर. भूलतज्ज्ञ म्हणाल्या, ‘काहीतरी छान आठवा.’ तिचे कान आठवले. तिच्या डाव्या कानाला एक खाच होती.

* * *

पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? लिहितोच.

दोष माझ्यात होता. रिपोर्टवर शुक्राणूंच्या रकान्यात शून्य. दुसऱ्यांदा केला, पुन्हा शून्य. बायकोला सांगण्याआधी कुत्र्याला सांगितलं, हे तिला नंतर कळलं आणि ती हसली. पहाटे साडेपाचला आम्ही दोघंच असायचो. तो दर खांबापाशी थांबायचा, मी बोलायचो. ऑपरेशन करून वृषणातून शुक्राणू मिळतात का बघायचं ठरलं तेही त्यालाच पहिल्यांदा सांगितलं. मिळाले नाहीत, तेही.

तो हृदयाच्या आजाराने गेला. शेवटचे दोन महिने तो झोपला की मी घड्याळ लावून त्याचे श्वास मोजायचो. झोपेत मिनिटाला तीसच्या वर जायला लागले की कळवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. २४, २६, २८. वहीत लिहून ठेवायचो. एका रात्री ४४.

नंतरही मी पहाटे जात राहिलो. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ म्हणाले, ‘आज एकटेच? शेरू कुठाय?’ माझ्या तोंडून निघालं, ‘गावाला गेलाय.’ तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तेच. पुढे तीन महिने तो गावालाच होता. ‘गूड न्यूज कधी?’ला सात वर्षं उडवाउडवीची उत्तरं देऊन खोटं बोलायची जीभ तयारच झाली होती माझी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालात म्हटलंय की आयुष्यात कधी ना कधी दर सहा जणांपैकी एकाला वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. त्या रस्त्यावर मला रोज बारा-पंधरा माणसं भेटायची. हिशेबाने त्यातल्या दोघांना तरी माझं दुखणं ठाऊक असणार. त्यांनीही मला कधी सांगितलं नाही.

* * *

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. ती गेली तेव्हा सगळ्यांचे मेसेज आले, ‘तुझं लेकरू गेलं.’ भलं व्हावं म्हणूनच लिहिलं होतं त्यांनी. पण ती माझी मुलगी नव्हती. ती कुत्री होती. चपला कुरतडायची, पाहुण्यांवर गुरगुरायची, आणि माझ्या पाळीच्या दिवसांत पोटाला पाठ लावून झोपायची. ती कुत्री होती म्हणूनच मला तिच्यासाठी रडायचं होतं. लोकांनी तिला माझ्या न झालेल्या मुलाच्या जागी बसवलं आणि दोघांनाही माझ्याकडून काढून घेतलं.

* * *

वरच्या ताईंचं पटलं, पण आमच्या घरी उलट होतं. घरातल्या जनावराशी बोलताना आम्ही सर्रास ‘बाबाकडे जा’, ‘आईला विचार’ असं म्हणायचो. तो गेल्यावर अडचण ही झाली की आता एकमेकांना हाक काय मारायची. नावाने हाक मारायची सवयच सुटली होती. आठ-दहा दिवस आम्ही ‘ऐक ना’वर काढले.

अजून एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. फ्रोझन ट्रान्सफरच्या (गोठवून ठेवलेला गर्भ सोडायच्या) तयारीत मला दंडाला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल दिलं होतं. अशी हार्मोन्स लावलेली कातडी कुत्र्या-मांजरांनी चाटली तर त्यांनाही बाधतं, असं वाचलं. म्हणून मी लांब बाह्या घालायला लागले आणि त्याला दंडाजवळ येऊ द्यायचे नाही. त्याची झोपायची जागा तीच होती. तो यायचा, मी सरकवायचे. नेमका त्याच महिन्यात गेला. काळजी त्याचीच घेत होते, पण त्याला ते कसं कळणार?

* * *

मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या मांजरीला कुणी मारलं नाही. मी दिली तिला. लग्नाच्या सहाव्या वर्षी उपचार सुरू झाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मांजर घरात असताना दिवस कसे राहतील. मी हसले. मग डॉक्टरांना विचारलं, तर तेही समोरच्या कागदावरून मान वर न करता म्हणाले, ‘जोखीम कशाला घेता?’ दोन माणसं एकच बोलली म्हणजे खरं असणार, असं धरून चालले. ओळखीच्या एका घरी तिला पोचवलं. पिंजऱ्यात बसायला तिला आवडायचं नाही, त्या दिवशी मात्र आपणहून बसली. व्हेटकडे चाललोय असं वाटलं असेल.

अडीच महिन्यांनी फोन आला. दार उघडं राहिलं, बाहेर पडली, रस्त्यावर गाडीखाली आली. मला वाटतं ती घर शोधत निघाली होती. हे कुणी पाहिलेलं नाही, मला वाटतं एवढंच.

नंतर वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असतो, आणि गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला धोका असतो, हे खरं. पण तो मांजरीच्या विष्ठेतून येतो, आणि बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे लिटरचा ट्रे रोजच्या रोज, शक्यतो दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून साफ केला की बराचसा प्रश्न मिटतो. शिवाय तो कच्च्या मांसातून आणि बागेतल्या मातीतूनही येतो. मांजर घराबाहेर काढा असं गरोदर बाईलाही सांगत नाहीत. मी तर गरोदरही नव्हते. अजूनही नाही.

ट्रे रोज साफ करायला माझा नवरा तयार होता. एकदा त्याला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

तिचा फोटो मी लावत नाही. ‘गेली’ असंही म्हणत नाही. माझा तो हक्क राहिलेला नाही असं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज लिहिलं.

* * *

वरच्या ताई, तुमच्यासाठीच लिहायला बसले. मी व्हेट आहे. चार आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडायचा उपचार) आणि एक आयव्हीएफ झालेलं आहे, मूल नाही. कित्येक सकाळी अंडाशयातले माझे फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) मोजून घ्यायचे आणि तिथून थेट दवाखाना. पहिलं जनावर टेबलावर घ्यायचं तेव्हा सोनोग्राफीची जेली नीट पुसलेलीही नसायची.

जनावराला झोपवायची वेळ येते तेव्हा मी माणसांना आधी सगळं सांगते. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत. थांबल्यानंतरही एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, ती नुसती स्नायूंची हालचाल असते. हे आधी माहीत नसेल तर माणूस तो एक श्वास वर्षानुवर्षं घेऊन फिरतं. वेळ आली का, हे ठरवायला अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन व्हेटने बनवलेली एक मोजपट्टी मी देते. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर अजून थांबायला हरकत नाही.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. ज्यांना मूल नाही ती माणसं माझ्यासमोर रडता रडता माफी मागतात. ‘सॉरी डॉक्टर, आम्हाला मूल नाही ना, म्हणून जरा जास्तच...’ तीन-तीन मुलं असलेली माणसं त्याच खुर्चीत बसून तेवढीच रडतात. नाक तसंच पुसतात, पट्टा तसाच मुठीत धरतात. ती कधी कारण देत नाहीत. लोक ज्याला दुःख मानतच नाहीत त्याच्यासाठी दुखवटा धरायची परवानगीही मिळत नाही, यावर केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली पुस्तकच काढलं. पाळीव जनावर आणि न झालेलं मूल, आपल्या वाट्याला अशी दोन्ही आली.

आणि ताई, त्या मांजरीला मोकाट रस्त्यावर सोडलं नव्हतं तुम्ही. माहितीतलं घर बघून दिलीत. चूक झाली, ती खोडून काढत नाही मी. पण फोटो लावा.

* * *

आम्हाला नंतर मुलगी झाली, आता चार वर्षांची आहे. इथे हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते. लिहिते कारण मला सगळे म्हणाले होते, बाळ आलं की कुत्र्याचं विसरशील. नाही विसरले. उलट नवी पंचाईत झाली. नऊ वर्षं ज्याने माझं रडणं ऐकलं, त्याने ही बातमी ऐकलीच नाही. तिला घेऊन घरी आले तेव्हा दाराशी सवयीने थांबले, तो अंगावर उडी मारेल म्हणून तिला उंच धरून.

* * *

आम्ही उपचार थांबवले. मी ४३ ची आहे. मांजर सतरा वर्षांची होऊन गेली. सध्या घरात कशाचीही औषधं नाहीत. फ्रिजचं दार उघडलं की तिच्या इन्सुलिनची जागा मोकळी दिसते, तिच्या शेजारी माझ्या इंजेक्शनच्या पेनची. तिथे काय ठेवावं अजून सुचलेलं नाही. एवढंच.

* * *

(धागा मीच काढला होता.)

सगळ्यांचं वाचलं. काही दोनदा. डॉक्टर ताईंना निरोपातून विचारलं होतं की सलाइनच्या पाच बॅगा उरल्यात, त्यांचं काय करू. त्या म्हणाल्या, न फोडलेल्या आणि मुदतीतल्या असतील तर ठोंब्याच्याच दवाखान्यात विचारून बघा, कुणाला तरी लागतात. आज नेऊन दिल्या. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर नाव शोधलं. तिथे जनावराच्या नावापुढे घरच्यांचं आडनाव लावतात, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. तिने हळूच विचारलं, ‘फाइल बंद करू?’

करा म्हटलं. घरची निळी फाइल मात्र तशीच आहे, दोन्ही कप्पे भरलेले. पुढच्या मंगळवारी माझी अपॉइंटमेंट आहे, तेव्हा तीच घेऊन जाणार आहे.