सगळे रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टर म्हणतात मनाचे खेळ. मदत हवी आहे

शेवंती_२
काल चौथ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. "रिपोर्ट उत्तम आहेत, मन कशात तरी रमवा." आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. परवा पाचव्यांकडे जायचंय. त्यांना पटेल असं काय दाखवू, एवढंच सांगा. "सकारात्मक राहा" लिहू नका, ऐकून कान किटलेत.

खटपट्या
ताई, पण होतंय काय? तेच लिहायचं राहिलं.

शेवंती_२
अरे हो. थकवा. पण हा शब्दच तोकडा पडतो. एक साधा ताप आला होता, तेव्हापासून.

उंबरठा
बी-१२ बघा. माझं तळाला गेलं होतं. इंजेक्शनं घेतली, महिन्याभरात टुणटुणीत.

शेवंती_२
बी-१२, डी, थायरॉइड, फेरिटिन, सगळं झालं. शीर्षक वाचा हो.

रोज_पाच_किमी
राग मानू नका, पण अंगाला पडून राहायची सवय लागते. दहा मिनिटं चाला, दर आठवड्याला पाच वाढवा. मी डिप्रेशनमधून असाच बाहेर आलो.

कासव
ताई, चालायच्या आधी हे सांगा. जास्त काम झालं की त्रास त्याच दिवशी होतो की एक-दोन दिवसांनी?

शेवंती_२
एक-दोन दिवसांनी! रविवारी केस धुतले. विंचरताना हात वर राहीना, कंगवा केसांत तसाच ठेवून पलंगावर बसले. सोमवारी ठीक. मंगळवारी अंगावरची चादर सारवेना, घसा दुखतोय, एकच ओळ चारदा वाचतेय. डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन दिवस पडून असते, म्हणून तिथे नेमकी धडधाकट दिसते. हे कुणी विचारलंच नव्हतं.

कासव
मी नऊ वर्षं यात आहे. एमई/सीएफएस, म्हणजे दीर्घकाळ टिकणारा थकव्याचा आजार, त्याची ही मुख्य खूण. निदान मी करणार नाही, पण २०१५ चे अमेरिकी निकष असे: सहा महिन्यांहून जास्त काळ रोजची कामं बरीच कमी करायला लावणारा थकवा, श्रमानंतर ढासळणं, झोपूनही ताजं न वाटणं, शिवाय डोक्यात धुकं किंवा उभं राहिल्यावर त्रास. रक्ताची अशी एकच तपासणी नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. आणि व्यायाम वाढवत नेणं ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये आपल्या सल्ल्यातून काढून टाकलंय.

रोज_पाच_किमी
२०११ च्या पेस ट्रायलमध्ये, म्हणजे याच आजाराच्या पेशंटवरच्या चाचणीत, व्यायाम वाढवण्याचा फायदा दिसला होता. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय, माझ्या मनचं नाही.

कासव
त्यावर किती वाद झाला तेही वाचा. नाइसने त्या बाजूचा पुरावा कमी किंवा अगदी कमी दर्जाचा ठरवला. डिप्रेशनमध्ये चालणं चांगलंच हो, पण हा आजार वेगळा.

जुनी_वही
जरा अवांतर. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात जवळपास तीनशे कर्मचारी अशाच आजाराने आजारी पडले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी नुसते जुने केसपेपर चाळून "सामूहिक हिस्टेरिया" ठरवलं. एका पेशंटलाही भेटले नाहीत! बायका जास्त होत्या, हाही म्हणे पुरावा.

खटपट्या
आणि मानसिक असलं तरी ते "काल्पनिक" कसं? डिप्रेशनही खराच आजार आहे.

कासव
शंभर टक्के. ताई, दोन आठवड्यांची नोंद न्या: काय केलं, कधी कोसळलात. कुणाला तरी जवळ बसवून नाडी मोजा. दहा मिनिटं पडून, मग दहा मिनिटं उभं राहून. ठोके तिसाहून जास्त वाढून तसेच टिकले तर पॉट्सबद्दल (उभं राहिल्यावर ठोके फार वाढण्याचा आजार) विचारा. चक्कर आली तर लगेच आडवं व्हा.

उंबरठा
नाडी मोजायला कुठलं घड्याळ चांगलं? मला झोपही मोजायचीय.

शेवंती_२
महिने सांगायचे राहिले, आठ झाले. आत्ता मोजलं. पडून ७२. उभी राहिल्यावर आठव्या मिनिटाला ११४, मग भिंतीला धरून खाली बसले. नवऱ्याने आकडे लिहिलेत, माझं अक्षर लागत नाही. दोन आठवड्यांची नोंद परवापर्यंत कुठून होणार? रविवार ते मंगळवार एवढंच लिहिते आणि तोच कागद पुढे ठेवते.

कासव
चालेल. बोलायचं काम नवऱ्याला द्या. आणि उद्या केस धुऊ नका.

उंबरठा
घड्याळाचं कुणी सांगितलंच नाही.