एस्टीमच्या भागांतून ट्रॅकसाठी हौशी रेसिंग कार: इंजिन पुढे ठेवावे की मागे?

उद्यमनगरकर:
नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशन करणारे आम्ही दोघे आणि एक मेकॅनिक मित्र मिळून केवळ ट्रॅकवर चालवण्यासाठी एक आसनी, चाके झाकलेली हलकी कार बांधण्याच्या विचारात आहोत. मागून ठोकर बसलेली एक मारुती एस्टीम मिळते आहे. तिचे सोळा व्हॉल्व्हचे १२९८ सीसी इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे सस्पेन्शन शाबूत आहे. गाडी रस्त्यावर आणायचीच नसल्याने पासिंगचा प्रश्न येत नाही. इंजिन पुढेच ठेवावे की चालकाच्या मागे न्यावे, आणि चॅसिससाठी २५ मिमीची चौकोनी ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून शिवण वेल्ड केलेली) नळी चालेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. खर्च आटोक्यात राहावा, ही मुख्य अट आहे.

मधले_इंजिन:
इंजिन मागेच न्यावे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकात फॉर्म्युला मारुती ही रेसिंग कार उभी केली, तेव्हा मारुती ८०० चे इंजिन आणि गिअरबॉक्स चालकाच्या मागे बसवण्याचाच मार्ग त्यांनी धरला होता, आणि आपल्याकडच्या कित्येक चालकांनी, त्यांत नारायण कार्तिकेयनही आले, त्या गाड्यांवर हात बसवला. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हा एकच गठ्ठा असल्याने तो उचलून मागे ठेवता येतो आणि प्रोपेलर शाफ्टची (मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याची) भानगडच उरत नाही. शिवाय वळणातून बाहेर पडताना वजन मागच्या चाकांवर येते, म्हणजे जिथे ताकद पोहोचते तिथेच पकड वाढते. मात्र गठ्ठ्याचे तोंड मूळ गाडीत होते तसेच ठेवावे; अर्धा फेरा फिरवून बसवलात, तर पाच रिव्हर्स आणि एकच पुढचा गिअर पदरी पडेल.

खरे काम यानंतरचे आहे. गठ्ठ्याबरोबर त्याचे सस्पेन्शनही मागे जाते. मागे नेलेल्या नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) स्टिअरिंग आर्म असतोच, आणि तो मोकळा राहिला तर मागची चाकेही वळू लागतील. त्यामुळे तिथे दोन्ही टोकांना रॉड-एंड (फिरता गोल सांधा) असलेला, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा लावून त्याचे आतले टोक चॅसिसला पक्के करावे. हा बिंदू मनाला येईल तिथे ठेवून चालत नाही. लोअर आर्म जसा वर-खाली फिरतो तशाच वर्तुळकंसात हा दांडाही फिरला पाहिजे, नाहीतर खड्ड्यावर किंवा ब्रेक मारताना चाकाचा टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन) बदलतो आणि गाडी मागून आपोआप वळते. स्प्रिंग काढून, चाक जॅकने दहा-दहा मिलिमीटर उचलत प्रत्येक उंचीला टो मोजावा आणि वॉशर घालून तो बिंदू ठरवावा. यासाठी अख्खा दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

मूळचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा उभा खांब) उंच असल्याने मागची बॉडीही उंच होते. नकलला स्ट्रट ज्या दोन बोल्टांनी धरला जातो तिथेच जाड प्लेटचा ब्रॅकेट बसवून त्याऐवजी वरचा विशबोन (इंग्रजी ए आकाराचा आर्म) जोडता येतो.

केज_आधी:
वरच्या विशबोनबद्दल माझे मत वेगळे आहे. पहिल्याच गाडीत जेवढे भाग स्वतः घडवाल तेवढी तुटण्याची ठिकाणे वाढतील. स्ट्रट तसाच ठेवावा आणि बॉडी थोडी उंच दिसली तर दिसू द्यावी. अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळालेली फॉर्म्युला व्ही ही रेसिंग श्रेणी स्वस्त राहिली, कारण फोक्सवॅगन बीटलचे इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा एक्सल जवळपास जसेच्या तसे वापरण्याचे बंधन नियमांनीच घातले होते. हौशी माणसाचा पैसा इंजिनापेक्षा हाताने घडवलेल्या भागांत अधिक मुरतो.

नळीविषयी सांगायचे तर, प्रत्येक चौकट तिरप्या नळीने त्रिकोणांत विभागणार असाल, तर १.६ मिमी जाडीची ईआरडब्ल्यू चॅसिसला चालते. रोल केजला (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्याला) मात्र ती अजिबात वापरू नये. फिया या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमांनुसार मुख्य हूप (चालकाच्या मागची कमान) थंड ओढलेल्या सीमलेस (बिनजोड) नळीचा, ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी मापाचा आणि किमान ३५० न्यूटन प्रति चौ. मिमी ताणशक्तीचा लागतो. नळी घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्यावे.

उद्यमनगरकर:
दोघांचेही आभार. इंजिन मागे आणि स्ट्रट मूळचाच, असे आम्ही ठरवले आहे. ब्रेक आणि इंजिनाच्या बाबतीत काय जपावे?

मधले_इंजिन:
चालेल, स्ट्रट ठेवा. पण गाडी हलकी झाल्याने ती मूळ स्प्रिंगवर उंच उभी राहील, आणि कॉइल कापून खाली बसवलीत तर ती आणखी ताठ होईल, हे ध्यानात असू द्यावे. ब्रेक बूस्टर काढून पुढच्या-मागच्या ब्रेकसाठी दोन स्वतंत्र मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार (दोहोंत पेडलचा जोर वाटून देणारा दांडा) बसवावा, कारण वजनाची विभागणी बदलल्यावर मूळ प्रमाण लागू पडत नाही. मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) मूळपेक्षा लहान घ्यावा, अन्यथा पेडल दगडासारखे लागेल.

इंजिन उघडू नये, पण खालचा ऑइलचा चेंबर जरूर उघडावा. आडव्या इंजिनात लांब वळणावर ऑइल एका टोकाला जमा होते, पंपाच्या जाळीला हवा लागते आणि बेअरिंग जातात. जाळीभोवती पत्र्याचे आडोसे वेल्ड करून घ्यावेत आणि डॅशबोर्डवर दिव्याऐवजी ऑइल प्रेशरचा काट्याचा गेज बसवावा. दिवा लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.