स्त्रीतत्त्वाची उपासना आणि मनाचा तोल : आपले अनुभव लिहा

स्त्रीतत्त्वाबद्दल अलीकडे पुष्कळ बोलले जाते, पण त्यातले बरेचसे बोलणे एकाच सुरात चालते: मृदू व्हा, सोडून द्या, स्वीकार करा. ज्या परंपरेने देवीच्या हातात त्रिशूळ, पाश आणि अंकुश दिले, तिला केवळ मृदुपणा अभिप्रेत असता तर एवढ्या आयुधांची गरज काय होती, हा प्रश्न मला हे ऐकताना हमखास पडतो. म्हणूनच हा धागा काढत आहे.

सुरुवातीलाच एक गोंधळ बाजूला करणे आवश्यक वाटते. चिनी ताओ विचारात यिन हे ग्रहणशील, शांत आणि सावलीचे तत्त्व आहे, तर यांग हे क्रियाशील. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनात मांडणी जवळजवळ उलटी आहे. तिथे पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, हा केवळ साक्षी आहे, तो काहीच करीत नाही. सारी हालचाल, सारी घडामोड प्रकृतीची, म्हणजे सृष्टीच्या मूळ तत्त्वाची. सांख्यकारिका या त्या दर्शनाच्या मूळ ग्रंथातील प्रसिद्ध दृष्टान्तात पुरुष पांगळा आहे पण त्याला दिसते, आणि प्रकृती आंधळी आहे पण तिला चालता येते. देवीलाच परमतत्त्व मानणारे शाक्त मत तर याहून पुढे जाऊन, शक्तीवाचून शिवाला हलताही येत नाही, असे म्हणते. 'माझ्यातले स्त्रीतत्त्व जागे झाले' असे आपण लिहितो तेव्हा थांबणे शिकलो की चालणे शिकलो, हे स्पष्ट केले नाही तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

तेव्हा आपण काय केले, कोणती प्रतिमा किंवा कथा आपल्याला उपयोगी पडली, काय बदलले आणि काय बदलले नाही, हे शक्य तितके नेमकेपणाने लिहावे. स्त्री, पुरुष, आस्तिक, नास्तिक सर्वांचे स्वागत आहे.

अतिदक्षता विभागातील परिचारिका

काळजी घेणे हा माझा व्यवसाय आहे आणि घरी परतल्यावरही तेच काम दुसऱ्या नावाने चालू राहते. त्यामुळे 'स्त्रीतत्त्व म्हणजे वात्सल्य' असे कोणी म्हटले की माझ्या अंगावर काटा येत असे, कारण वात्सल्याची माझ्याकडे कमतरता कधीच नव्हती. ते उतू जाऊन खाली फक्त थकवा उरला होता.

मला उपयोगी पडली ती दुर्गासप्तशती. तेरा अध्यायांचा हा ग्रंथ मी पूर्वी ऐकलेला होता, पण अर्थासह सावकाश वाचला तेव्हा लक्षात आले की दुसऱ्या अध्यायात देवी प्रकट होते तीच मुळी संतापलेल्या देवांच्या एकवटलेल्या तेजातून. सातव्या अध्यायात चंड-मुंड हे असुर चालून येतात तेव्हा अंबिकेचा, म्हणजे याच देवीचा, चेहरा क्रोधाने काळवंडतो आणि तिच्या कपाळातून काली बाहेर पडते. ग्रंथ या रागाबद्दल कुठेही ओशाळत नाही. राग येतो, त्याला रूप मिळते, त्याच्याकडून काम होते.

याचा प्रत्यक्ष उपयोग एका सकाळी झाला. रात्रपाळी संपवून मी कपडे बदलण्याच्या खोलीत बसले होते. पायमोजे काढले तर घोट्यांवर त्यांच्या काठाचा खोल, लालसर वळ उमटलेला होता. तेवढ्यात मोबाइलवर संदेश आला की पुढच्या पाळीला कोणी नाही, तुम्ही थांबाल का. मी 'मला जमणार नाही' एवढेच लिहिले आणि त्यापुढे कारण लिहिले नाही. नकारापेक्षा ते न लिहिलेले कारणच मला जड गेले. बोटे आपोआप 'घरी सासूबाईंची तब्येत' वगैरे लिहू पाहत होती. या धाग्यावर सुखान्त कथांची गर्दी होऊ नये म्हणून हेही सांगते की वरिष्ठ नाराज झाल्या आणि पुढील वेळापत्रकात मला सलग रात्रपाळ्या मिळाल्या. तरीही त्या दिवसापासून माझी रोजची डोकेदुखी कमी झाली, हे खरे आहे.

एक स्थापत्य अभियंता, वय पन्नाशीच्या आसपास

वडील गेल्यानंतर मला रडू आले नाही. मी सारी व्यवस्था पाहिली, कागदपत्रे मार्गी लावली, आणि काही महिन्यांनी एका किरकोळ कारणावरून सहकाऱ्यावर इतका ओरडलो की त्यानंतर समुपदेशकाकडे जावे लागले. त्यांनी कार्ल युंग (1875–1961) यांच्या अ‍ॅनिमा या कल्पनेची ओळख करून दिली. पुरुषाच्या अबोध मनात एक स्त्रीप्रतिमा असते. तिच्याशी नाते तुटले तर पुरुष कोरडा तरी होतो किंवा लहरी आणि चिडखोर तरी होतो, असे युंग यांचे निरीक्षण होते. मी दोन्ही झालो होतो.

युंग यांनी 'सक्रिय कल्पना' नावाची एक पद्धत सांगितली आहे. स्वप्नात किंवा मनात उमटलेल्या व्यक्तीशी जागेपणी संवाद करायचा, आणि तो लिहून ठेवायचा. माझ्या स्वप्नात एक वृद्ध स्त्री एका रिकाम्या घराच्या खिडक्या एकेक करून बंद करताना वारंवार दिसत असे. मी वहीत तिला विचारले, "खिडक्या का लावता?" उत्तर म्हणून हातून उतरले ते असे: "पाऊस आत येतोय, आणि तू बाहेर उभा राहून भिंतींची मोजमापे घेतोयस." माझ्या धंद्याची ही थट्टा मीच लिहिली की तिने, याचा निर्णय मी करीत बसलो नाही. त्या रात्री मात्र वडिलांसाठी पहिल्यांदा रडलो.

युंग यांची मांडणी आहे तशी स्वीकारणे मला कठीण वाटते. पुरुषांत स्त्रीप्रतिमा आणि स्त्रियांत पुरुषप्रतिमा, ही वाटणी फारच चौकटबद्ध आहे. त्यांच्याच परंपरेतील जेम्स हिलमन यांनी अ‍ॅनिमा केवळ पुरुषांपुरती मर्यादित नाही, असा मुद्दा पुढे मांडला आणि तो मला अधिक पटतो. साधन म्हणून मात्र वही अजून चालू आहे.

विरोधी मत

मी निरीश्वरवादी आहे आणि या विषयाकडे संशयाने पाहते. माझ्या माहेरी आणि सासरी मला 'घरची लक्ष्मी' म्हणण्यात कोणी कधी काटकसर केली नाही. बँकेच्या खात्यावर सही मात्र माझी नव्हती. स्त्रीला देवीपद देणे फुकट असते, पण तिला अधिकार द्यायचा तर कोणाला तरी आपला अधिकार सोडावा लागतो. माझ्या मनाचा तोल सावरला तो स्वतःच्या नावाचे खाते उघडल्यावर. ज्यांना प्रतिमांचा उपयोग होतो त्यांनी तो जरूर करावा, परंतु ही उपासना करणाऱ्या घरांत मालमत्तेची कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत, हेही एकदा पाहून यावे.

धागाकर्ता

वरील प्रतिसाद विषयाला सोडून आहे असे मला वाटत नाही. देवीची पूजा आणि स्त्रीची अवहेलना एकाच छताखाली सुखाने नांदू शकतात, हे इतिहासाने पुरेसे दाखवले आहे, आणि आंतरिक वाढीची भाषा बाहेरच्या अन्यायावर पांघरूण घालण्यासाठी वापरली जाऊ नये. तरीही खाते उघडण्याइतके बळ काहींना आधी एखाद्या प्रतिमेतून गोळा करावे लागते, असे मला वाटते.

गर्भाशय काढून टाकल्यानंतर

स्त्रीतत्त्व म्हणजे सृजन, सृजन म्हणजे गर्भ, गर्भ म्हणजे मातृत्व, ही साखळी इतक्या सहजपणे उच्चारली जाते की तिच्याबाहेर उभ्या असलेल्या स्त्रियांकडे बोलणाऱ्यांचे लक्षच जात नाही. मला मूल नाही, आणि गाठींच्या त्रासामुळे शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढावे लागले. त्यानंतर एका मैत्रिणीने प्रेमाने नेलेल्या ध्यानवर्गात 'आपल्या गर्भातील प्रकाश अनुभवा' अशी सूचना आली, तेव्हा मी डोळे उघडून बसून राहिले.

दशमहाविद्यांबद्दल, म्हणजे तंत्रपरंपरेतील दहा देवींबद्दल, वाचताना मला धूमावती भेटली. दहा देवींपैकी ती एकटीच विधवारूपात आहे: वृद्ध, कृश, मळकट वस्त्रातील, हातात सूप घेतलेली. ती रथात बसलेली असते, पण रथाला घोडे नाहीत. ध्वजावर कावळा आहे. म्हणजे जिला कोठे जायचे नाही, जिच्याकडे कोणी काही मागायला येत नाही, जिच्यात सुंदर किंवा सुफळ असे काहीच उरलेले नाही, अशा रूपालाही परंपरेने महाविद्या म्हटले आहे. तिच्या हातातल्या सुपावर माझे मन बराच काळ रेंगाळले. सूप पाखडते, फोल उडून जाते आणि जड ते मागे राहते. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात कोणती नाती फोल आहेत हे मला आपोआप दिसू लागले होते, फक्त त्या दिसण्याला मी तोवर कडवटपणा समजत होते.

मी तिची पूजा करीत नाही. तिचे चित्र लिहिण्याच्या मेजावर आहे आणि पाहुण्यांना ते आवडत नाही, याची मला थोडी गंमतही वाटते.

दूरध्वनी मदतवाहिनीवरील स्वयंसेवक

मी एका मदतवाहिनीवर रात्री फोन घेतो. प्रशिक्षणात आम्हाला सल्ला देऊ नका, ऐका, असे वारंवार सांगितले जाते, पण पुरुष म्हणून वाढताना माझ्यात 'समस्या आली की उपाय द्यायचा' ही सवय इतकी मुरलेली होती की समोरची व्यक्ती रडू लागली की माझे तोंड आपोआप उघडायचे. माझी ही सवय मोडायला मदत केली ती सुमेरी संस्कृतीतील इनान्ना देवीच्या पाताळगमनाच्या कथेने.

इनान्ना पाताळात उतरते तेव्हा तिथल्या सात दारांपैकी प्रत्येक दारी तिच्याकडून एकेक वस्तू काढून घेतली जाते: मुकुट, गळ्यातील मणी, शेवटी वस्त्रही. आत तिची बहीण एरेश्किगाल राज्य करीत असते. तिथे इनान्ना मरते आणि तिचे प्रेत खुंटीला टांगले जाते. कथेचा हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, कारण 'सारे गमावून नव्याने जन्म घेणे' हा अर्थ त्यातून चटकन निघतो. मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. तिला सोडवण्यासाठी एंकी हा देव आपल्या नखांखालच्या मळातून दोन जीव घडवतो. ते पुरुषही नाहीत आणि स्त्रीही नाहीत, असे अनेक अभ्यासक मानतात. ते माश्यांसारखे दारातून आत शिरतात. तिथे एरेश्किगाल वेदनेने कण्हत पडलेली असते. ती म्हणते, "हाय माझे काळीज!" आणि ते दोघे म्हणतात, "हाय तुमचे काळीज!" ते तिला उपाय सांगत नाहीत, समजूत घालत नाहीत आणि 'सगळे ठीक होईल' असेही म्हणत नाहीत. तिचे कण्हणे तेवढे ऐकू आले, हे तिला कळू देतात. ती इतकी हेलावते की त्यांना नदी आणि शेत देऊ करते. हे देणे नाकारून ते दोघे इनान्नाचे प्रेत मागून घेतात, आणि इनान्ना जिवंत होते.

फोनवर मी आता समोरच्या व्यक्तीचे शेवटचे शब्द हळूच परत उच्चारतो आणि थांबतो. पलीकडे बऱ्याचदा लांब शांतता पडते. त्या शांततेत माझी जीभ दातांमागे अक्षरशः दाबून धरावी लागते. स्वतःच्या नैराश्याकडेही मला याच रीतीने पाहता आले, पण त्यासोबत मानसोपचारतज्ज्ञांची औषधेही चालू होती, हे इथे मुद्दाम नमूद करतो. कथा ऐकून औषध बंद करणाऱ्यांचे फोनही आम्हाला येतात.

ललितासहस्रनामाबद्दल थोडक्यात

ललिता देवीच्या हजार नावांच्या या स्तोत्रातील पहिले नाव 'श्रीमाता' आहे हे सर्वजण सांगतात. त्यापाठोपाठचे 'श्रीमहाराज्ञी' आणि 'श्रीमत्सिंहासनेश्वरी' आहे, हे फार कमी लोक सांगतात. आईनंतर लगेच सम्राज्ञी आणि सिंहासन! पुढे देवीच्या हातातील पाश हा आसक्तीचा आणि अंकुश हा क्रोधाचा, असे वर्णन येते. दोन्ही तिच्या हातात आहेत. तिने ते टाकूनही दिलेले नाहीत आणि त्यांच्या हाती ती गेलेलीही नाही. पाठ करताना मी बहुधा याच नावांवर थांबते.

संगणकासमोर बसून काम करणारा

अर्धनारीश्वराची मूर्ती सर्वांना माहीत आहे. तिच्याशी जोडलेली भृंगी ऋषींची कथा मला कितीतरी उशिरा समजली. भृंगीला केवळ शिवाची प्रदक्षिणा करायची होती, पार्वतीची नव्हे. शिव-पार्वती एकरूप झाले तेव्हा त्याने भुंग्याचे रूप घेऊन दोघांच्या मधून पोखरत जाण्याचा प्रयत्न केला. पार्वतीने त्याला शाप दिला की शरीरात जे मातेकडून येते ते रक्त आणि मांस तुझ्यातून निघून जावे. उरला हाडांचा सापळा, आणि त्याला उभेही राहता येईना, तेव्हा शिवाने दया येऊन त्याला तिसरा पाय दिला.

ही कथा वाचली तेव्हा माझी मान आणि पाठ इतकी आखडली होती की बुटाची नाडी बांधायला खाली बसावे लागत असे. अनेक वर्षे मी ध्यान करीत होतो, साक्षीभावाचा अभ्यास करीत होतो, आणि शरीराला डोके वाहून नेणारे वाहन समजत होतो. बुद्धीची प्रदक्षिणा सुरू होती, प्रकृतीची नव्हती. त्यानंतर मी ध्यानाचा वेळ कमी केला आणि तो वेळ व्यायामोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या हालचालींना दिला. त्या करताना मोजदाद न करता कोणता स्नायू आधी तक्रार करतो, एवढेच पाहायचे असे ठरवले. याला उपासना म्हणायचे की व्यायाम, यावर माझे आणि पत्नीचे अद्याप एकमत झालेले नाही.