मदत हवी आहे: कॅव्हेलियर घ्यावा की पॅपिलॉन?
नमस्कार मंडळी. घरात ८ वर्षांची लेक आणि सासूबाई, दोघींनाही मांडीवर बसणारं, शांत कुत्रं हवंय. माझा जीव कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलवर जडलाय. पण वाचायला लागले आणि धास्तावले. या जातीत हृदयाची मायट्रल झडप खराब होण्याचा आजार फार, तोही लवकर सुरू होणारा. शिवाय मेंदूला कवटी अपुरी पडून मज्जारज्जूत पाणी साठतं, तो सिरिंगोमायेलिया वेगळाच. आमचं आधीचं कुत्रं हृदयविकारानेच गेलं. लेकीला पुन्हा ते बघायला लावायची माझी तयारी नाही.

पिल्लात हा हृदयाचा आजार सहसा दिसतच नाही, म्हणून आईवडिलांची तपासणी अडीच वर्षांनंतर झालेली असावी आणि आजीआजोबांची हृदयं ५ वर्षांनंतरही ठणठणीत असावीत, असं कळलं. ब्रीडर मात्र नुसतं ‘डॉक्टरांनी तपासलंय’ म्हणतात. नेमके कोणते रिपोर्ट मागू? सिरिंगोमायेलियासाठी आईवडिलांच्या एमआरआयचा आग्रह धरावा का?

की पॅपिलॉन बघू? तोही स्पॅनियलच, सहसा जास्त जगतो. पण गुडघ्याची वाटी सरकते म्हणतात, हाडंही नाजूक. मुलांच्या धावपळीत निभावेल? यांपैकी एखादा म्हातारपणापर्यंत सांभाळलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.