थिसिससाठी जुने केसपेपर देत नाहीत, 'नवा कायदा' म्हणतात. मदत हवी आहे

निशिगंधा_एमडी: सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) मंजूर, गाईडची सही आहे. तरी रेकॉर्ड रूमवाले म्हणतात, डेटा प्रोटेक्शनचा कायदा आलाय, प्रत्येक पेशंटची संमती आणा. डायबेटिसचे जुने केसपेपर आहेत, माणसं कुठे शोधू? संशोधनाला सूट आहे ना? कलम सांगा, प्लीज. सबमिशन तोंडावर आलंय.

कोकणी_कावळा: एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचं, पत्र?

वकीलकाका: 2023 चा कायदा, कलम 17(2)(ब). संशोधनाला सूट आहे, पण त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही आणि सरकारी निकष पाळायचे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, त्यातही बहुतेक तरतुदींना 18 महिन्यांची मुदत. प्रिंट काढा आणि द्या त्यांच्या हातात.

पीजी_सुटलो: काका, कलम दाखवून फाईल मिळत असती तर काय हवं होतं! आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. धोका नगण्य असेल आणि संमती घेणं व्यवहार्य नसेल, तर कमिटी संमतीची अट माफ करू शकते. तो ठराव लागतो.

वकीलकाका: तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे.

पीजी_सुटलो: रेकॉर्ड रूमला तेच कळतं.

बर्लिनकर: आमच्याकडे जीडीपीआरचं, म्हणजे युरोपच्या डेटा कायद्याचं, संशोधनासाठी कलम 89 आहे. भारतात हे कधी येणार?

साधी_भाजी: लॅबमध्ये नंबर दिला आणि दुसऱ्या दिवसापासून विमावाल्यांचे फोन. त्यांना नाही कायदा लागत!

निशिगंधा_एमडी: कमिटीचं पत्र आहे हो. आमच्या कॉलेजचं. केसपेपर ट्रस्टच्या हॉस्पिटलचे.

कोकणी_कावळा: घ्या! आता सांगताय?

पीजी_सुटलो: मग त्यांच्या कमिटीकडेही अर्ज करावा लागेल. एक्सेलमध्ये काय काय भरणार?

निशिगंधा_एमडी: नाव, मोबाईल, आयपीडी (भरती रुग्णाचा) नंबर, वय, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), औषधं.

वकीलकाका: कागद होता तोवर हा कायदा लागू नव्हता. एक्सेलमध्ये गेला की आलाच.

पीजी_सुटलो: मोबाईल कशाला?

निशिगंधा_एमडी: फॉलोअपला फोन करायचाय.

पीजी_सुटलो: फोन लागतो तर संमती घेणं अशक्य कसं? कमिटी पहिलं हेच विचारेल. नाव आणि मोबाईल काढा, एक-दोन-तीन क्रमांक द्या. कुठला क्रमांक कुणाचा ती यादी त्यांच्या रेकॉर्ड रूममध्येच राहू दे. आणि पत्रात 'संमती माफी' हे शब्द आहेत का, बघा.

निशिगंधा_एमडी: नाहीत. 'मंजूर' एवढंच आहे. फोन रद्द करते. त्यांच्याकडे अर्ज अधीक्षकांच्या नावाने की कमिटीच्या सचिवांच्या?

पीजी_सुटलो: सचिवांच्या. अधीक्षकांना प्रत.

साधी_भाजी: ते विमावाल्यांचं कुणी सांगेल का?