४.२ मीटर व्यासाचा पॅन जहाजात कसा जाणार?

उद्यमबागकर:
साखर कारखान्याचा व्हॅक्यूम पॅन (उसाचा रस आटवून साखर करायचं मोठं बंद भांडं) करालोय, आफ्रिकेला जायचाय. व्यास ४.२ मीटर, वजन ३८ टन. कंटेनरचा प्रश्नच नाही, त्याची आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर. एजंट म्हणतो, गोव्याहून मल्टिपर्पज, म्हणजे सगळ्या तऱ्हेचा माल नेणाऱ्या जहाजानं जाईल. एवढा नग आत उतरतो, की उघड्यावर ठेवतात? आत स्टेनलेसच्या नळ्या आहेत, खाऱ्या पाण्याची धास्ती वाटते.

खानापूरचा सारंग:
दादा, आत उतरतो. मी २६ वर्षं जहाजावर होतो बघा, शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून. सुरुवात एसडी-१४ वर. दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या लिबर्टी मालजहाजांच्या जागी संडरलंडच्या ऑस्टिन अँड पिकर्सगिल यार्डानं काढलेलं जहाज, पहिलं १९६८ चं. पुढं ग्रीस, ब्राझीलमध्येही बांधली, एकूण २११. पाच होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातली मालाची कोठारं, आणि होल्डमध्ये मधला मजला, ट्वीनडेक. खाली पोती, वर पेट्या. पण मजला पक्का, उंच नग बसायचा नाही. दोन डेरिक (माल उचलायचे जुन्या पद्धतीचे दांडे) जोडून माल काढायचो, तोही हलकाच.

आता तो मजलाच सुटा असतो. पोलादी पॅनेलं क्रेननं उचलून हव्या त्या उंचीवर बसवतात, नको तेव्हा रचून ठेवतात. काही जहाजांत तीच उभी करून धान्यासाठी भिंत घालतात. होल्ड पेटीसारखा सरळ, कोपरे वाया जात नाहीत. क्रेन जहाजाच्याच, बहुतेक एका कडेला. दोन मिळून एकच ओझं उचलतात. हॅम्बुर्गच्या साल कंपनीच्या स्वेन्या जहाजावर हजार-हजार टनांच्या दोन आहेत. ओझं बाहेर लोंबलं की जहाज कलतं, म्हणून दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत बॅलास्टचं, म्हणजे तोल सांभाळायचं पाणी घेत राहतात. तुमचे ३८ टन जहाजाला जड नाहीत.

मला काळजी पॅनची वाटते. एकदा असाच गोल टँक आला, उचलायला कानच, म्हणजे स्लिंग (उचलायचे दोर) अडकवायच्या कड्याच नव्हत्या. पोटाला स्लिंग गुंडाळून घेतला, तो सरकला आणि हॅचच्या, म्हणजे होल्डच्या तोंडाच्या काठावर आपटला. खाली विशीतला खलाशी उभा होता. हातभर अंतरानं वाचला. ती रात्र मला झोप नाही. तेव्हा रंग मारण्याआधी कान वेल्ड करा, गुरुत्वमध्याची खूण रंगवा, आणि खाली टेकायला रुंद सॅडल, म्हणजे बैठक द्या. होल्डच्या तळाला चौरस मीटरमागे ठरावीकच भार चालतो.

निपाणीकर:
बुकिंगच्या कागदावर ‘डेकखाली’ हे शब्द लिहून घ्या. नुसतं तोंडी ठरलं तर ऐन वेळी नग डेकवर जातो, आणि डेकवरच्या मालाची जोखीम बहुधा आपल्याच माथी मारलेली असते.

उद्यमबागकर:
काका, कान अजून लावलेले नाहीत. दोन पुरतील का?

खानापूरचा सारंग:
चार लावा. आणि स्प्रेडर बीम, म्हणजे स्लिंग फाकवून धरणारी आडवी तुळई मागा. स्लिंग सरळ खाली आल्या की शेल, म्हणजे पॅनचं बाहेरचं कवच दबत नाही. नळ्या एका टोकाला असतील तर वजन तिकडं झुकेल. ड्रॉइंग आधी जहाजवाल्यांना पाठवा, स्लिंगची लांबी त्यावरूनच ठरते.